जुन्या गाडीला नवे रूप

आपल्या वऱ्हाडात चाकाची हौस काही आजची नाही. बैलगाडीच्या काळात तुंबा आणि आरे तेलपाणी करून चकचकीत ठेवणारा गाडीवान गावात ओळखला जाई. मग सायकली आल्या. तारांमध्ये रंगीत मणी आणि तुंब्याभोवती झुपकेदार ब्रश, ही त्या वेळची श्रीमंती होती. आता बहुतेक दारांत मोटारसायकल आहे, तीही अनेकदा दुसऱ्याने वापरलेली. हौस मात्र तीच आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना ही थेरं वाटतात. आम्हाला तसे वाटत नाही.

आमची गाडी स्प्लेंडर. हे मॉडेल १९९४ साली बाजारात आले. आमची गाडी मात्र दोन घरे फिरून आमच्याकडे आली आहे. तिच्यावर आम्ही बडनेऱ्याला कामावर जातो, मुलीला शिकवणीला सोडतो आणि अधूनमधून मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला बहिणीकडे जातो. हा अमरावती-अकोला रस्ता खड्ड्यांसाठी किती वर्षे गाजला, ते वाचकांना सांगायला नको. जून २०२२ मध्ये याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पदर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता सुधारला, पण आमच्या चाकांनी आधीचे खड्डे सोसले होते. तारा गंजल्या होत्या आणि रिमची चकाकी उडाली होती.

मुलगा आयटीआयला जातो. मित्रांच्या गाड्यांना अॅलॉयची चाके, म्हणून त्यालाही ती हवी होती. हप्त्याने घेऊ म्हणाला. आजी हसली, "काहून रे बाबू, चाकाले दागिने घालतं काय?" तो गप्प बसला. पण पुढे आमच्या लक्षात आले, की तो गाडी आयटीआयच्या फाटकापासून लांब, झाडामागे उभी करतो. तरुण पोराला वाटणारी लाज थट्टेवारी नेण्याची गोष्ट नाही. अशीच पोरे पुढे घरच्यांना न सांगता हप्त्यात अडकतात. आम्ही घरात बसून ठरवले, की कर्ज काढायचे नाही, पण चाके मात्र करायची, आणि ती सगळ्यांनी मिळून.

पहिले काम रंगाचे नव्हतेच. प्रत्येक तारेवर पेन्सिल वाजवून पाहिली. ताणलेली तार खणखणीत वाजते, ढिली तार बद्द बोलते. पाच तारा ढिल्या निघाल्या. मिस्त्रीकडे जाऊन त्या कसून घेतल्या आणि रिमचा आऊट काढून घेतला. वाकड्या चाकाला रंग लावणे म्हणजे आजार झाकणे.

मग काळी माती, ग्रीस आणि तेल साबणाने धुऊन काढले. गंज पॉलिश पेपरने, पाणी लावून घासला. गुळगुळीत चकाकीवर रंग धरत नाही, चार दिवसांत पापुद्रे निघतात, म्हणून सगळा रिम थोडा खरबरीत करावा लागतो. टायरला रंग लागू नये म्हणून टायर आणि रिमच्या फटीत जुन्या लग्नपत्रिका ओळीने खोचल्या. ब्रेकच्या ड्रमवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. ज्यांच्या गाडीला डिस्क आहे त्यांनी डिस्क तर नक्कीच झाकावी, कारण तिच्यावर रंग किंवा तेल गेले तर ब्रेक धरणार नाही. आधी रेड ऑक्साइडचा हात, वाळल्यावर निळ्या ऑइलपेंटचे दोन पातळ हात. आपल्याकडच्या उन्हात रंग वरून वाळतो आणि आत ओला राहून फुगतो, म्हणून सकाळी सावलीतच काम करावे.

तारांवर पूर्वी पोरे थंड पेयाच्या नळ्या चिरून चढवत. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक नळ्यांवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. आम्ही वायरिंगच्या कामातून उरलेल्या वायरची साल लांबीने चिरून वापरली. निळी आणि पांढरी, दोन्ही भंगारात मिळाली. मुलीने तारा मोजल्या, एका चाकात ३६. ती म्हणाली, "बाबा, दर तिसरी पांढरी केली तर निळ्या किती उरतात?" चोवीस! २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारलेल्या तिरंग्यातल्या अशोकचक्राचे आरेही तेवढेच. हिशेब तिचा होता, म्हणून चाकेही तिच्याच हिशेबाने झाली.

शेवटी रिमच्या बाजूला रेडियमची पट्टी लावली. नाव रेडियम असले तरी या पट्टीत ते धातू नसते. बारीक काचेचे मणी किंवा लोलक समोरून आलेला उजेड परत फिरवतात, एवढेच. रात्रपाळीहून येणाऱ्या माणसाची गाडी आडव्या रस्त्यावर त्यामुळे लांबून दिसते. ही हौस जीव वाचवणारी आहे.

एक गोष्ट मात्र आम्ही मुलाला करू दिली नाही. गाडी दिसायला सडपातळ व्हावी म्हणून पोरे मागची साडीगार्ड काढून टाकतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १२३ आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात गुंतू नयेत म्हणून मागचे चाक निम्मे तरी झाकले पाहिजे, असे तो सांगतो. आपल्या आया-बहिणी लुगड्या-ओढणीसह एका बाजूला बसतात, हे विसरू नये. चाकात रिबिनी किंवा पताकाही बांधू नयेत. १४ एप्रिलला इर्विन चौकाकडे निघालेल्या गर्दीत तर मुळीच नाही.

सगळा खर्च मिस्त्रीच्या मजुरीसह पाचशेच्या आत बसला. तीन रविवार गेले, पण त्या तीन रविवारी घरातले सगळे एका चाकाभोवती बसले होते. आजीने लग्नपत्रिका शोधून दिल्या, आणि कोणाचे लग्न कधी झाले तेही सांगितले. मुलगा आता गाडी फाटकाजवळ लावतो. अकोल्याच्या भाच्यानेही स्वतःच्या सायकलला हेच करायला घेतले. त्याला आम्ही कळवले, की सायकलचा ब्रेक रिमलाच घासतो, तेव्हा रबर जिथे टेकते तिथे रंग नको, पट्टीही नको. फक्त तारा सजव.

ज्या घरी अशी जुनी गाडी आहे आणि पोरगा नव्या चाकांसाठी रुसला आहे, त्यांनी त्याला रागावण्याआधी एक पॉलिश पेपर आणून द्यावा आणि स्वतःही शेजारी बसावे.