देवासची वाटणी

इंदूरहून देवासला जाणं म्हणजे आपल्या लोकांना प्रवास वाटतच नाही. सकाळी पोहे-जलेबी खाऊन बसमध्ये बसलं की क्षिप्रेचा पूल येईपर्यंत जेमतेम एक डुलकी होते, आणि जरा वेळानं समोर टेकडी दिसायला लागते. लग्नं, मुंजी, बारशी यांसाठी मी तिथे किती वेळा गेले असेन याची मोजदाद नाही. या वेळचं निमित्त मात्र वेगळं होतं. दादाचा, म्हणजे माझ्या आत्येभावाचा फोन आला. "अगं, रविवारी ये. बाबांची कॅसेट लावायची आहे. स्पीकर मी घरीच बनवलेत, तेव्हा हसायचं नाही."

काका शाळेत शिक्षक होते. गाणं फक्त हौसेचं, घरच्या गणपतीपुढे म्हणण्यापुरतं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्या आवाजाची एकच खूण उरली आहे, १९८७ च्या गणपतीत कुणीतरी टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून भरलेली कॅसेट. दादानं ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. आत्या आता ८३ वर्षांची आहे. मोबाइलवर लावली तर म्हणते, "डब्यात बसून गातायत."

बस स्टँडवर दादा घ्यायला आला होता. घरी जाताना त्यानं नेहमीप्रमाणे गावचा इतिहास सुरू केला. आमच्या पिढीला तो पाठ आहे, पण नव्या वाचकांसाठी सांगते. १७२८ साली तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या दोन भावांनी इथे राज्य उभं केलं आणि पुढे एकाच गावात दोन गाद्या झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, पण राजे दोन आणि कारभारही दोन. मुख्य रस्त्याच्या एका बाजूचं दिवाबत्ती-पाणी एका पातीकडे, समोरच्या बाजूचं दुसरीकडे. थोरल्या पातीच्या महाराजांकडे १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक खासगी चिटणीस होता. 'द हिल ऑफ देवी' या त्याच्या पुस्तकात हे सगळं देवास भेटतं. १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. टेकडीवर मात्र अजून दोन देवी आहेत, बडी माता तुळजाभवानी आणि छोटी माता चामुंडा.

"माझ्या स्पीकरचंही असंच आहे," दादा म्हणाला. "एक घर, दोन पात्या."

घरी गेल्यावर त्याचा अर्थ कळला. पुढच्या खोलीत प्लायवुडची दोन खोकी उभी होती. प्रत्येकात खाली मोठा वूफर, वर छोटा ट्वीटर. जाड आवाज वूफरनं काढायचा, बारीक ट्वीटरनं. कुणी काय काढायचं याची वाटणी करतो त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. बाजारच्या साध्या स्पीकरमध्ये ही वाटणी खोक्याच्या आत, तारेची वेटोळी आणि कपॅसिटर लावून केलेली असते. अँप्लिफायर एकच, त्याच्यापुढे वाटणी. ती एकदा झाली की झाली. बदलायची तर खोकं उघडा, सोल्डरिंग करा.

दादानं ते सगळं काढून टाकलं आणि वाटणीचं काम लॅपटॉपवर सोपवलं, तेही गाणी लावायच्याच सॉफ्टवेअरकडे. तो जे-रिव्हर मीडिया सेंटर नावाचा प्लेअर वापरतो. मी समजत होते की प्लेअर म्हणजे यादीतलं गाणं निवडायचं आणि लावायचं. पण त्याच्या पोटात आवाजावर प्रक्रिया करणारा एक विभाग असतो. तिथे दादानं डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांच्या चार केल्या. दोन वूफरच्या, दोन ट्वीटरच्या. वूफरच्या वाहिन्यांना सांगितलं, २००० हर्ट्झच्या वरचं सोडा. ट्वीटरच्या वाहिन्यांना सांगितलं, त्याच्या खालचं सोडा. या चार वाहिन्या एचडीएमआय केबलनं जुन्या सराउंड रिसीव्हरला जातात. त्यात पाच-सहा अँप्लिफायर असतातच, त्यातले चार याच्या कामी आले. प्रत्येक स्पीकरला स्वतःचा अँप्लिफायर, म्हणून याला ॲक्टिव्ह पद्धत म्हणतात. रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर 'लार्ज' नोंदवायचे, नाहीतर तो आपलं डोकं चालवून जाड आवाज आणखी एकदा वाटत बसतो.

वाटणीचा नियम लिंकविट्झ आणि रायली या दोन अभियंत्यांचा, १९७६ सालचा. सीमेवर, म्हणजे २००० ला, दोघांनीही निम्मा-निम्मा आवाज द्यायचा. दोन्ही निम्मे एकाच वेळी कानाशी पोचले की पूर्ण एक होतो. सीमेपलीकडे मात्र झपाट्यानं मागे सरायचं. हजार हर्ट्झवर ट्वीटर जवळजवळ २४ डेसिबलनं खाली आलेला असतो.

"एकाच वेळी" हे शब्द इथे महत्त्वाचे. वूफरचा कोन खोलगट, त्यामुळे त्याचा आवाज जरा मागून निघतो. दादाच्या खोक्यात हे अंतर तीन सेंटिमीटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे तीन सेंटिमीटरला ०.०९ मिलिसेकंद. २००० हर्ट्झची लाट १७ सेंटिमीटरची, तिच्यापुढे तीन सेंटिमीटर काही कमी नव्हेत. म्हणून ट्वीटरला प्लेअरमध्येच तेवढा उशीर द्यायचा. एक आकडा टाकला की झालं.

मी विचारलं, "मग सगळं सोपंच की?"

आत्या हसली. "पहिला छोटा स्पीकर जळाला, ते नाही सांगितलंस वाटतं!"

झालं होतं असं की ही वाटणी फक्त प्लेअरमधून जाणाऱ्या आवाजालाच लागू. लॅपटॉप स्वतःची टिंग-टिंग करतो, ती प्लेअरला वळसा घालून बाहेर पडते. कुठल्या तरी वाहिनीच्या गोंधळात एक दणदणीत आवाज थेट ट्वीटरला गेला आणि तो बिचारा संपला. तेव्हापासून दादानं लॅपटॉपचे सगळे आवाज बंद केलेत आणि प्रत्येक ट्वीटरच्या तारेत ३३ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर घातलाय. त्याचं ट्वीटर आठ ओमचं, त्यामुळे साधारण ६०० हर्ट्झच्या खालचं अडतं. आधी रिसीव्हर बंद करायचा, मग लॅपटॉप, हा आता घरचा नियम आहे.

जेवणानंतर कॅसेट लागली. टाळ, पेटी आणि मग काकांचा आवाज. माझ्या तर अंगावर काटा आला. आत्या मात्र मान तिरकी करून ऐकत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "आवाज यांचाच आहे. पण हे समोर बसलेले नाहीत. फिरतायत."

दादाचा चेहरा उतरला. "आत्या, कान थकले असतील," मी म्हणून गेले. चूक माझीच होती. ती कॅसेट मोनो, म्हणजे दोन्ही खोक्यांत तंतोतंत तेच. आवाज दोघांच्या बरोबर मधोमध उभा राहायला हवा. दादा गप्प बसला आणि मग म्हणाला, "मी मापं फक्त डाव्याची घेतली. उजव्याला तेच आकडे टाकले."

मायक्रोफोन स्टँडवर चढला. उजव्याचा आलेख पडद्यावर आला आणि २००० पाशी विहिरीसारखा खड्डा दिसला. उजव्या ट्वीटरची लाल-काळी तार उलटी जोडली गेली होती. वूफर पुढे ढकलतो तेव्हा ट्वीटर मागे ओढतो, आणि सीमेवर दोन निम्मे मिळून एक होण्याऐवजी शून्य होतं.  दादानं पेचकस उचलला होता, तो खाली ठेवला आणि प्लेअरमध्ये त्या वाहिनीपुढे 'उलट' अशी खूण केली. एक टिचकी, बस. "तार उद्या नीट जोडीन," तो म्हणाला, "नाहीतर पुढे माझाच गोंधळ होईल."

पुन्हा कॅसेट लावली. या वेळी खोकी असल्याचंच विसरायला झालं. काका मधोमध, जरा खालच्या पातळीवर, पाटावर बसल्यासारखे. भजन संपता संपता मागे कुकरची शिटी झाली. मोबाइलवर ती मला कधी ऐकू आली नव्हती.

"माझा कुकर," आत्या म्हणाली. "वरण लावलं होतं. हे नंतर रागावले होते, शिटीनं समेवर घोटाळा केला म्हणून." आणि मग पदर डोळ्यांना लावून, "पुन्हा लाव रे."

संध्याकाळी आम्ही टेकडीखालून फिरायला गेलो. कुमार गंधर्वांच्या 'भानुकुल'वरून पुढे गेलो. १९४८ मध्ये क्षयानं आजारी असताना ते हवापालटासाठी या गावात आले आणि इथलेच झाले. त्या रस्त्यावर आपोआप आवाज खाली येतो. दादा म्हणाला, "वाटणी चांगली झाली की कळतच नाही, झाली होती म्हणून."

आपल्यापैकी कुणाला हे करून बघायचं असेल तर दादाच्या वतीनं तीनच गोष्टी सांगते. ट्वीटरला कपॅसिटर लावल्याशिवाय काही सुरू करू नका. दोन्ही खोक्यांची मापं वेगवेगळी घ्या. आणि शेवटचं माप घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या कानांनी घ्या. तो आवाज त्यांनी समोर बसून ऐकलेला असतो.