हवासूकांठचें चाकांवरचें बिऱ्हाड

सन २०२३ च्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां अमेरिकेंत फिनिक्स येथें चिरंजीवाकडे होतों. त्या वर्षीं ३० जूनपासून पुढें सलग ३१ दिवस त्या शहराचा पारा रोज ११० अंश फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या मापानें ४३ अंशांच्या पलीकडे, पोहोंचत होता. अशा दिवसांत वाळवंटांत प्रवासास निघणें शहाणपणाचें नव्हे, हें कळत होतें. परंतु नोकरीस लागल्यापासून आईबापांसाठीं म्हणून चिरंजीवानें सलग पांच दिवसांची रजा काढलेली ही पहिलीच. नातवाची शाळाही बंद. मोडता घालण्यास आमचें मन होईना.

प्रवास भाड्याच्या घर-मोटारीनें व्हावयाचा होता. हें वाहन म्हणजे एस. टी. च्या गाडीहून थोडें आखूड असें घरच. आंत पलंग, शेगडी, शीतकपाट, न्हाणी, सर्व कांहीं. ठिकठिकाणीं अशा गाड्यांचे तळ असतात. तेथें विजेची तार व पाण्याची नळी जोडली कीं बिऱ्हाड मांडून झालें. छपरावर एक चपटी पेटी असते, तेंच वातानुकूलन यंत्र.

फिनिक्सहून पश्चिमेस क्वार्ट्झसाइट व तेथून उत्तरेस, पार्करवरून कोलोरॅडो नदीच्या कडेकडेनें, लेक हवासू सिटी, असा सुमारें २०० मैलांचा रस्ता. क्वार्ट्झसाइटच्या स्मशानांत दगडी पिरॅमिडावर धातूचा उंट बसविलेलें एक स्मारक आहे. अमेरिकन सैन्यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ओझीं वाहण्यासाठीं उंट आणविले, त्यांच्याबरोबर आलेल्या हाजी अलीचें तें. तेथील लोकांनीं त्याच्या नांवाचें ‘हाय जॉली’ करून टाकलें! तो १९०२ सालीं वारला. त्याच सालीं ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठीं विलिस कॅरियर यानें आधुनिक वातानुकूलनाची पहिली योजना आंखली. उंटाचें युग संपलें व यंत्राचें सुरू झालें, असें आम्ही नातवास मोठ्या ऐटींत सांगितलें. त्याचा अर्थ रात्रीं कळावयाचा होता.

हवासूचें सरोवर पार्कर धरणामुळें झालेलें. कांठावर लंडनचा पूल उभा आहे; १८३१ चा खराखुरा पूल १९६८ सालीं विकत घेऊन त्याचे दगड आंकडे घालून आणले आणि १९७१ सालीं तो येथें पुन्हा खुला केला. टेम्सच्या धुक्यांतले ते दगड, आणि गांव कोणतें, तर १९९४ च्या जूनमध्यें जेथें १२८ अंशांची नोंद झाली तें!

सायंकाळीं पांचास तळावर उतरलों. गाडीचें तोंड पश्चिमेस, आणि पुढची भली मोठी कांच उन्हांत. यंत्र जीव तोडून घरघरत होतें. तरी रात्रीं दहा वाजतां आंत ९१ अंश. आमच्या सौ.ना रक्तदाबाचा विकार. त्यांना घेरी आली, ओकारीही झाली. चिरंजीवानें त्यांना थोडें थोडें पाणी पाजलें, मानेवर ओलें फडकें धरलें. “बाबा, माझीच चूक झाली. उजाडतांच परत फिरूं,” एवढेंच तो बोलला. त्याचा चेहरा पाहवेना.

येथें आम्हीं आपली विद्या पाजळली. विदर्भांतील नोकरीच्या वर्षांत आम्ही दारांस वाळ्याच्या ताट्या लावून पाणी शिंपडीत असूं. त्याच आधारावर गाडीभर ओल्या चादरी टांगल्या. पहाटेपर्यंत उकाडा गेला नाहींच, वर सर्व अंग चिकचिकूं लागलें.

उजाडतां शेजारच्या गाडींतील वृद्ध गृहस्थ चौकशीस आले. त्यांचा जन्म शीतयंत्रें दुरुस्त करण्यांत गेलेला. चादरी पाहून ते हंसले. वाळ्याच्या ताटीला बाहेरचा कोरडा वारा लागतो व ओली हवा पलीकडून निघून जाते, म्हणून ती थंड करते. बंद गाडींत तीच वाफ यंत्रापाशीं येते. तिचें पुन्हा पाणी करतांना तिनें उचललेली सगळी उष्णता यंत्राच्याच माथीं बसते. चाळीस वर्षें मुलांच्या चुका काढलेल्या माणसास ही शिकवणी थोडी झोंबली. पण बरोबर होती.

त्यांनीं साधा तापमापक घेतला. यंत्र जी हवा ओढून घेतें ती ८६ अंश, जी सोडतें ती ७८. अंतर आठच! “वीसच्या जवळपास पाहिजे,” म्हणाले. मग वीज पूर्ण तोडून आंतलें झांकण काढलें. गाळणीवर कुत्र्याच्या केंसांची लोकर जमलेली. पण खरी मेख पुढेंच होती. थंड हवा सोडण्याचा कप्पा व गरम हवा ओढण्याचा कप्पा यांमधल्या पडद्यास बोटभर फट होती. निम्मी थंड हवा खोलींत न येतां तेथल्या तेथेंच परत ओढली जात होती. ती फट व नळांचे सांधे ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीनें बंद केले. चिरंजीवानें छपरावर चढून यंत्राच्या पातळ पट्ट्यांतली धूळ काढली, वांकलेल्या पट्ट्या फणीनें सरळ केल्या. पुन्हा मापलें तों अंतर १९.

तरी वृद्ध गृहस्थांचें समाधान नव्हतें. यंत्र तासाला १३,५०० एककांचें, म्हणजे आपल्याकडच्या सव्वा टनाहूनही किंचित् कमी. आणि भिंती दोन बोटें जाडीच्या. यंत्र उष्णता बाहेर टाकतें खरें, पण ती आंत येऊं न देणें हें आपलें काम. संस्कृतांत ‘यंत्र’ शब्द ‘यम्’ धातूपासून, आवरण्याच्या अर्थानें झाला आहे. येथें आवरावयाचें होतें आम्हांसच. सौ.ना त्यांनीं आपल्या गाडींत, आपल्या पत्नीजवळ नेऊन बसविलें आणि चिरंजीवास म्हणाले, “चार वाजेपर्यंत पाहा. मग जायचें तर जा.”

गाडी दुसऱ्या जागीं नेऊन तोंड उत्तरेस केलें. पुढच्या कांचेवर बाहेरून जाड कापड बांधलें. बाहेरूनच, कारण ऊन कांचेआड एकदां शिरलें कीं पडद्यानें काय साधणार? पश्चिमेच्या खिडक्यांस चकचकीत पत्र्यासारखी फुग्याफुग्यांची चादर कापून बसविली. छपरांतल्या झडपांत गादीसारखे चौकोन कोंबले. भर दुपारीं त्यांतून किती उष्णता गळते, तें हात वर धरूनच कळावें. पूर्वेचें कापडी छत ताणलें. वारा उठला कीं तें गुंडाळावयाचें, कारण जुलैंतले तेथले सोसाटे छत मोडून टाकतात. यंत्र सकाळींच सुरू केलें. भिंती, गाद्या, कपाटें एकदां तापलीं कीं त्यांस निववितां निववितां रात्र सरते.

विजेचीही गोष्ट होती. तेथें वीज १२० व्होल्टची, आमची जोडणी ३० अँपिअरची. म्हणजे सारें मिळून ३,६०० वॅट. दुपारीं तळावरचीं सगळीं यंत्रें चालू लागलीं कीं दाब उतरे. आमच्या मापकावर १०८ दिसे. तशांत दुसरें मोठें उपकरण लावलें तर वीज तुटावयाची. म्हणून भात-पिठलें सकाळीं बाहेरच्या चुलीवर, आणि दुपारीं आंत शेगडी बंद.

चार वाजतां बाहेर ११५, आंत ८३. चिरंजीव दोन वेळां तापमापकापाशीं जाऊन आला आणि मग आईस आणावयास गेला. रात्रीं दहा वाजतां ७६. ऋतुसंहाराचा आरंभच ग्रीष्मानें आहे. त्यांतले श्लोक नातवास म्हणून दाखवावे असा बेत होता, पण तो केव्हांच निजला होता. बापलेक बाहेर पायरीवर बसलों. पुलाचे दिवे पाण्यांत हालत होते. चिरंजीवानें त्याच्या कचेरीच्या, कर्जाच्या, एकटेपणाच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या. फोनवर त्या कधीं निघाल्या नव्हत्या.

तेथें आम्ही ठरल्याप्रमाणें चार रात्री राहिलों. वृद्ध गृहस्थांनीं पैसे घेतले नाहींत. सौ.नीं बरोबर आणलेलें मेतकूट त्यांच्या पत्नीस दिलें, तें कशावर घालून खावें हें खुणांनीं सांगितलें, आणि उरलेली चिकटपट्टी त्यांनींच आमच्या पिशवींत टाकली. ती अद्याप आमच्या कपाटांत आहे.