आईची धालोगीते आणि जुना पीसी

माझा पीसी २००३ सालचा, सुटे भाग आणून जोडलेला. पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम. यंदा आषाढात तो रुसला. पंखा फिरतो, पडदा काळाच. मुले म्हणाली, भंगारात द्या. पण आईने सांगितलेली धालोगीते मी त्यातच टंकून ठेवली होती, आणि आई आता नाही.

मी बीएवाला, विजेशी संबंध फ्यूज बांधण्यापुरता. तरी एकेक संशयित वगळत जाणे कारकुनाला जमतेच. सीडी ड्राइव्ह, मोडेम, सगळे सोडवले. (दर वेळी प्लग काढून हं!) शेवटी रॅमही काढली नि बटण दाबले. लांब लांब बीप! म्हणजे मदरबोर्ड नि प्रोसेसर जिवंत. नाहीतर ओरडले कोण? रॅमचे सोनेरी दात खोडरबराने घासले. आमच्या दमट हवेत त्यांवर थर धरतो. परत बसवली, एकच छोटी बीप, पडदा उजळला! घड्याळ मात्र कित्येक वर्षे मागे. बोर्डावरचा तीन व्होल्टचा सेल संपलेला. तो बदलेन सावकाश.

आधी फाइली उतरवल्या, त्यांच्या फाँटसकट. युनिकोडपूर्वीचे मराठी ते, फाँटाविना नुसती रोमन चिन्हे दिसतात. आता रोज रात्री एकेक गीत नव्याने टंकतो. काही शब्द अडतात. पौषात मांडावर म्हाताऱ्या बायका जमतील, त्यांना विचारीन.