नवं राज्य, जुना गडी

पुणेकरांना जगातल्या प्रत्येक विषयावर मत असतं, हे तर जगजाहीर आहे. पण इंग्लंडमधल्या धडपडणाऱ्या फुटबॉल क्लबने आपला मॅनेजर ठेवावा की काढावा, यावर बोलायचा हक्क आम्हाला चक्क मिळालेला आहे. रीतसर, पैसे मोजून! कारण नोव्हेंबर २०१० मध्ये आमच्या पुण्यातल्या वेंकीजवाल्यांनी ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घेतला. किंमत सुमारे २ कोटी ३० लाख पौंड. तोपर्यंत वेंकीज म्हणजे आमच्यासाठी फ्रीझरमधले नगेट्स. त्या दिवसानंतर वेंकीज म्हणजे प्रीमियर लीग!

मी तेव्हा हिंजवडीत नवीनच नोकरीला लागले होते. ऑफिसातली अर्धी जनता मँचेस्टर युनायटेडची, उरलेली चेल्सी-आर्सेनलची. मला ऑफसाइड म्हणजे काय हेही धड ठाऊक नव्हतं, पण 'आपला' क्लब म्हटल्यावर मी बिनधास्त ब्लॅकबर्नची फॅन झाले. शेजारच्या डेस्कवरचा कोल्हापूरकर मात्र जन्मजात फुटबॉलवाला. पाटाकडील विरुद्ध दिलबहार बघायला शाहू स्टेडियमवर रविवार घालवलेला माणूस. त्याने मला पहिल्याच दिवशी झापलं, 'अगं, क्लब काय मोबाइल हाय व्हय, नवा घेतला म्हणून मिरवायला? आधी वस्ताद कोण हाय ते बघ.'

वस्ताद होते सॅम ॲलरडाइस. डिसेंबर २००८ मध्ये क्लब गटांगळ्या खात असताना आले, त्या सीझनला टीमला वाचवलं आणि पुढच्या सीझनला दहाव्या नंबरावर नेऊन ठेवलं. त्यांचा खेळ दिसायला देखणा नव्हता. लांब किक, उंच बॉल, धक्काबुक्की. ब्लॅकबर्नने १९९५ मध्ये केनी डालग्लिशच्या हाताखाली प्रीमियर लीग जिंकलेली, तीही जॅक वॉकर या स्थानिक पोलादवाल्या शेठजींच्या पैशावर. ते दिवस आठवणाऱ्यांना हे कसं आवडावं? पण रोजच्या डब्यात बिर्याणी नसते हो. पोळी-भाजी वेळेवर मिळते ना, तेवढं बघायचं.

नव्या मालकांना बिर्याणी हवी होती. २७ नोव्हेंबरला युनायटेडने ७-१ असा धुव्वा उडवला, त्यात एकट्या बर्बाटोव्हचे पाच गोल. १२ डिसेंबरला बोल्टनकडून २-१ अशी हार. १३ डिसेंबरला ॲलरडाइस घरी! टेकओव्हरला महिनाही झाला नव्हता आणि टीम २० पैकी १३ व्या नंबरावर होती. जागी आला त्यांच्याच हाताखालचा कोच स्टीव्ह कीन. सिनियर क्लबचा मॅनेजर म्हणून ही त्याची पहिलीच नोकरी.

पुढचं सगळं रेकॉर्डवर आहे. पहिल्या सीझनला अगदी शेवटच्या दिवशी वुल्व्हजला ३-२ हरवून टीम कशीबशी वाचली. दुसऱ्या सीझनला नाही वाचली. मे २०१२ मध्ये विगनविरुद्ध इवूड पार्कवर हरली आणि ११ सीझन टिकवलेली प्रीमियर लीग गेली. त्या मॅचला कुणीतरी क्लबच्या रंगात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. जगभर त्यावर लोक हसले. आमच्या कँटीनमध्येही हसले. मला मात्र ती कोंबडी बघून कसंसंच झालं. गाव रडत असलं की असले विनोद सुचतात.

मग बदलांचा सपाटाच. सप्टेंबर २०१२ मध्ये कीन गेला. हेनिंग बर्ग आला आणि ५७ दिवसांत गेला. मायकल ॲपलटन ६७ दिवस टिकला. आमच्याकडे प्रोबेशन सहा महिन्यांचं असतं! बर्गने करारातल्या भरपाईसाठी कोर्ट गाठलं आणि त्याला सुमारे साडेबावीस लाख पौंड द्यावे लागले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण त्या नऊ दिवसांचं बिलही येतं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे मॅनेजर बदलूच नये का? थांबा, एवढं सोपं नाहीये ते. न्यूकॅसलचं घ्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदीचा पैसा आला तेव्हा टीम १९ व्या नंबरावर होती, एकही मॅच जिंकली नव्हती. मॅनेजर स्टीव्ह ब्रूस. मालकांनी त्यांना एक मॅच दिली, ती त्यांची मॅनेजर म्हणून हजारावी. तीही हरले आणि तीन दिवसांत गेले. नोव्हेंबरात एडी हाव आला. पहिल्या १४ मॅचमध्ये शून्य विजय असलेली टीम सीझनअखेर ११ वी! आणि मार्च २०२५ मध्ये लीग कप. देशातली मोठी ट्रॉफी १९५५ नंतर पहिल्यांदा. काढलं ते बरंच केलं की नाही?

उलट चेल्सी बघा. २००३ मध्ये अब्रामोविच आला तेव्हा त्याने रानिएरीला पूर्ण एक सीझन दिला, मग मोरिन्यो आणला. मँचेस्टर सिटीत अबूधाबीचे मालक २००८ मध्ये आले, मार्क ह्यूजला सव्वा वर्ष ठेवलं आणि डिसेंबर २००९ मध्ये काढलं. तेही संडरलँडला ४-३ असं हरवलं त्याच दिवशी! दोन्ही ठिकाणी पुढे ट्रॉफ्या आल्या. म्हणजे ठेवूनही चालतं, काढूनही चालतं. मग फरक कुठे आहे?

मला विचाराल तर तो 'का' मध्ये आहे. न्यूकॅसलने फक्त माणूस बदलला नाही, जानेवारीत ट्रिपिअर, गिमारेस, बर्न, वुड असे खेळाडू आणले. पुढचा माणूस आणि पुढचा खर्च दोन्ही तयार होते. आणि एक साधा हिशेब विसरू नका. मॅनेजर बहुतेक वेळा टीम सगळ्यात वाईट खेळत असतानाच काढला जातो. तिथून गाडी थोडी वर येणारच, कुणीही बसवा. आपण त्याला नव्या साहेबाची जादू म्हणतो.

हे सगळं मी नुसतं सोफ्यावर बसून सांगत असते तर गोष्ट वेगळी. पण मागच्या वर्षी आमचीच कंपनी विकली गेली. नवे मालक, नवे लोगोचे टी-शर्ट, 'वी आर वन फॅमिली'वाला मेल... फुल टू माहौल. आमचे डिलिव्हरी हेड, ज्यांना सगळा फ्लोअर नुसतं 'सर' म्हणतो, ते दोन क्वार्टर टार्गेट चुकवून बसले होते. मला नोकरीवर घेणारे तेच. बाबांच्या बायपासच्या वेळी 'लॅपटॉप इथेच ठेव आणि जा' म्हणणारेही तेच. आणि एका दुपारी नव्या मॅनेजमेंटच्या दोन माणसांनी मला केबिनमध्ये बोलावून थेट विचारलं, 'तुमचं मत काय? ही शुड स्टे ऑर गो?'

पोटात गोळाच आला. माझ्या टीममध्ये ११ जणं. त्यांचे होमलोन, त्यांची पोरं. सरांची बाजू घेतली तर प्रोजेक्टचं काय? विरुद्ध बोलले तर रात्री आरशात कशी बघणार? बाहेर सर नेहमीसारखे कॉफी मशीनजवळ उभे होते. काचेतून दिसत होते. त्यांनाही सगळं कळत होतं.

मी त्यांना तीनच गोष्टी सांगितल्या. एक, टार्गेट चुकलं ते सरांमुळे किती आणि मधल्या काळात सहा माणसं काढून घेतली त्यामुळे किती, ते आधी वेगळं करा. दोन, त्यांच्या जागी कोण, हे ठरलं नसेल तर रिलीजआधी हात लावू नका. आणि तीन, ठेवायचं नसेल तर ते सगळ्यात आधी त्यांना सांगा. फ्लोअरला आधी कळलं आणि त्यांना शेवटी, असं नको. सर तिथे एकदम परफेक्ट आहेत असं मी म्हटलं नाही, कारण ते नव्हते. पुढच्या कामाचा त्यांचा पिंड नव्हता, हेही बोलले.

सरांना सहा महिने मिळाले. तारीखही त्यांना समोरासमोर सांगितली गेली. त्या सहा महिन्यांत रिलीज झाला, त्यांनी नव्या हेडला शेजारी बसवून सगळं समजावलं आणि ठरल्या दिवशी फ्लोअरवरच्या प्रत्येकाशी हात मिळवून गेले. निकाल माझ्या सांगण्यामुळे लागला की आधीच ठरला होता, देव जाणे. मला वाईट वाटलं? खूप. अजूनही वाटतं. पण कुणाच्याही जाण्याचा तमाशा झाला नाही.

कोल्हापूरकर आता बंगळुरूला असतो. त्याला फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाला, 'नाद खुळा! आता मोब्रेचं लिही.' बरोबर आहे त्याचं. ब्लॅकबर्नची गोष्ट २०१२ ला संपत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच मालकांनी टोनी मोब्रेला आणलं. शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला ३-१ हरवूनही टीम गोलफरकावर तिसऱ्या पातळीवर घसरली. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिथे पोचल्याची ती पहिलीच वेळ. जुनी सवय बघता मोब्रेची बॅग भरलेलीच असायला हवी होती. पण या वेळी मालकांनी त्याला ठेवलं. पुढच्याच सीझनला ९६ पॉइंट्स मिळवून टीम वर आली आणि मोब्रे २०२२ पर्यंत तिथेच होता. प्रीमियर लीगमध्ये परतणं काही जमलं नाही. पण ५७ दिवसांच्या क्लबला पाच वर्षांचा मॅनेजर मिळाला, ही काय छोटी गोष्ट आहे?

तेव्हा उद्या तुमची कंपनी, तुमचा क्लब किंवा तुमची सोसायटीची कमिटी नव्या हातात गेली आणि जुन्या माणसाचं काय करायचं असा प्रश्न आला, तर पहिल्या महिन्यात उत्तर देऊ नका. टेबल बघा, त्यामागची कारणं बघा, पुढचं नाव कागदावर लिहून बघा. ते लिहिता आलं नाही तर पेन खाली ठेवा. आणि लिहिता आलं, तर ज्याचं नाव खोडताय त्याला आधी फोन करा.