ऋतूंची वही

१४ जानेवारी, देवरूख
परसातला हापूस मोहोरलाय. पहाटे दाट धुकं. मी वही घेऊन ओटीवर. आई म्हणाली, "धुक्यानं मोहोर करपतो गो. तुला बरं दिसतंय."

धुक्यात हरवलं झाड
मोहोराचा वास तेवढा
कुंपणापल्याड

करपण्याची भीती यात आलीच नाही.

९ मार्च
पुण्याला परत. आंबा घाटात एसटीच्या खिडकीतून काटेसावर. पान नाही, नुसती लाल फुलं. 'पेटली' हा शब्द लगेच आला. खोडला. सगळ्यांचीच पेटते.

२१ मार्च
बाशो वाचतेय. १६८९ साली उत्तरेच्या लांबच्या वाटेला लागण्याआधी त्यानं राहती झोपडी दुसऱ्याच्या हवाली केली. हे वाक्य आज पुढे जाऊ देईना.

५ मे, देवरूख
फणस उतरवले. विहीर तळाला. आईचे गुडघे सुजलेत. पुण्याला चल म्हटलं. ती आठळ्या निवडत राहिली.

६ मे
जपानी हायकूकारांकडे ऋतुशब्दांचे कोश असतात, साइजिकी. आपलाही हवा. आईला विचारत बसले. मोहोर, वळीव, मृगाचे किडे, पागोळ्या, तेरडा. ती प्रत्येक शब्दाबरोबर एक काम सांगते. वळीव म्हटलं की आधी वाळवणं आत. फुलं-पाखरं माझ्या वहीत भरपूर आहेत, कामं कुठेच नाहीत. तिचा कोश खरा.

८ जून
मृग लागला. कोरडा.

२३ जून
सकाळीच आईचा फोन. आर्द्रा लागलं नि रात्रभर कोसळला. "पागोळीखाली कळशी ठेवली. रिकामी होती तोवर केवढी वाजत होती. भरली नि बोलेनाशी झाली." फोन ठेवल्या ठेवल्या लिहून काढलं.

पागोळीखाली कळशी
भरत गेली आणि
झाली बोलेनाशी

शब्द तिचे. ओळी तेवढ्या मी तोडल्या. मराठी हायकूला तीन ओळी आणि दोहोंचं यमक लागतं, तेही तिनंच दिलं. इतक्या वर्षांच्या माझ्या लिहिण्यात याच्या तोडीचं काही नाही.

१७ जुलै
आई मागीलदारी शेवाळावर घसरली. हाड शाबूत, मुका मार. रात्रीच्या गाडीनं निघाले.

२० जुलै
काही सुचत नाही. सुचायला नकोच.

१८ ऑगस्ट
कौलं शाकारून घेतली. गाय शेजारच्या वहिनींकडे. किल्लीही त्यांच्याकडेच. आईनं कळशी पिशवीत घातली. पुण्यात पागोळ्या कुठल्या, हे मी बोलले नाही.

१९ ऑगस्ट
आंबा घाट. पाऊस, तेरडा. आई खिडकीशी बसून होती. साखरप्यापासून मलकापूरपर्यंत एक शब्द नाही.

२ सप्टेंबर, पुणे
शिरीष पै यांचा स्मृतिदिन. २०१७ साली गेल्या. हायकू मराठीत त्यांनी रुजवला. दुपारी आईला कळशीचा हायकू वाचून दाखवला. "हे मीच बोलले होते की," ती म्हणाली. संध्याकाळी तो दिवाळी अंकाला पाठवला. खाली आईचं नाव घातलं.