‘अनटिल’च्या पोटातला ‘नाही’

बाघ नदीवरचा पूल ओलांडला की गोंदिया जिल्हा मागे पडतो आणि राजेगाव येतं. राज्य बदलतं, पाट्यांवरची भाषा बदलते. धानाच्या बांध्या मात्र तशाच असतात. पावसाळ्यात दोन्ही तीरांवर सारख्याच चिखलात रोवणी चालते. 1956 पर्यंत हा सगळा मुलूख एकाच राज्यात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला भंडारा जिल्हा, ज्यात तेव्हा गोंदियाही होतं, मुंबई राज्यात गेला; नदीपलीकडचा बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. सोयरिकी काही कुणी वाटून घेतल्या नाहीत. म्हणून इकडच्या कित्येक घरांत मूल एका भाषेत जेवायला मागतं, दुसरीत धडा वाचतं आणि तिसरीसाठी संध्याकाळी शिकवणीला जातं.

माझी भाची त्यातलीच. तिच्या वहीच्या पानावर मधोमध रेघ मारलेली असते: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे हिंदी अर्थ. ‘अनटिल’समोर लिहिलं होतं, ‘जब तक नहीं’. खाली तिनं वाक्य केलं होतं, ‘वेट हिअर अनटिल आय डू नॉट कम’, आणि त्यावर लाल फुली होती.

“मामाजी, अर्थ तर बरोबरच लिहिला ना मी?”

अर्थ बरोबर होता. सगळी गोम तिथंच होती. हा ‘नाही’ इंग्रजी शब्दाच्या पोटातच आहे. आपण बाहेरून दुसरा घालतो आणि वाक्य उलटं होतं. चूक आळसाची नाही, उलट प्रामाणिकपणाची आहे. ‘जब तक मैं न आऊँ’ म्हणा की ‘मी येत नाही तोवर’ म्हणा, आपल्या दोन्ही भाषा वाट पाहताना नकार बोलून दाखवतात. मुलीनं आपलं वाक्य इमानानं शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेलं.

मी तिला नियम सांगितला नाही. म्हटलं, “हेच ‘नाही’ न घालता सांग बरं.” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मी येईपर्यंत थांब.” झालं! ‘वेट हिअर अनटिल आय कम’ हे त्याच वाक्याचं इंग्रजी. वाट आपल्या बोलण्यातच होती, फक्त वहीतल्या अर्थात नव्हती. ‘येईपर्यंत’मधल्या ‘येई’ला भुलून काही मुलं पुढे ‘विल’ लावतात; तेवढं मात्र सांगावं लागतं, की गोष्ट उद्याची असली तरी ‘अनटिल’नंतर ‘विल’ येत नाही.

मग तिनं पुराचं वाक्य काढलं: “पाणी उतरत नाही तोवर पुलावरून जायचं नाही.” इथं ‘नाही’ दोन. पहिला ‘उतरेपर्यंत’मध्ये विरघळतो, दुसरा मनाईचा, तो जागचा हलत नाही. ‘डू नॉट क्रॉस द ब्रिज अनटिल द वॉटर गोज डाउन.’ कोणता ‘नाही’ ठेवायचा आणि कोणता सोडायचा, हे तिनं स्वतः ओळखलं.

आपला ‘पर्यंत’ मात्र बिचारा घरातल्या थोरल्या सुनेसारखा, सगळी कामं एकट्यानं ओढणारा. ‘सोमवारपर्यंत दुकान बंद आहे’ आणि ‘सोमवारपर्यंत फॉर्म भर’ ही दोन वाक्यं आपल्याला सारखीच वाटतात. इंग्रजीत पहिल्याला ‘अनटिल’ लागतं, कारण बंद असणं सलग चालू राहतं. दुसऱ्याला ‘बाय’, कारण फॉर्म त्या मुदतीच्या आत एकदाच भरायचा. आणि बालाघाटपर्यंत जायचं असेल तर ‘अ‍ॅज फार अ‍ॅज’. गंमत म्हणजे ‘अनटिल’च्या मूळ घडणीतले दोन्ही तुकडे ‘पर्यंत’ याच अर्थाचे. ‘टिल’ हा शब्द त्याच्याहून जुना, तो ‘अनटिल’ कापून झालेला नाही.

आपल्या आजोबांच्या पिढीनं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी गिरवलं. ती पद्धत आता जुनाट म्हणून हसण्यावारी नेतात. पण तिथं निदान अख्खं मराठी वाक्य समोर असे आणि ते इंग्रजीत कसं बसतं, हे पाहावं लागे. उभ्या रेघेच्या वहीत शब्दाला अर्थ मिळतो, सोबत मिळत नाही; आणि शब्द वापरता येतो तो सोबतीनं.

म्हणून शिकवणी घेणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: नव्या इंग्रजी शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहिण्याआधी मुलाला त्याच्या घरच्या बोलीत एक वाक्य बोलू द्या. मग तेच वाक्य दुसऱ्या तऱ्हेनं बोलायला लावा. त्यातलं कोणतं रूप इंग्रजीला जवळचं, हे त्याला दाखवा. घरची बोली इंग्रजीच्या आड येत नाही. तिला वर्गाबाहेर उभं केलं की मगच इंग्रजी अडते.