एक्सेल शीटमधलं कळंब

आमच्या घरातली कुठलीही ट्रिप आधी एक्सेल शीटवर होते आणि मग रस्त्यावर. गोवा असो, मनाली असो, नाहीतर सासूबाईंना घेऊन केलेली देवदर्शनं असोत. तारीख, किलोमीटर, खर्च आणि शेवटचा कॉलम ‘अ‍ॅक्टिव्हिटीज’. यंदाच्या मे महिन्यात शीटला नाव दिलं ‘कळंब’. यवतमाळ जिल्ह्यातलं कळंब हं, धाराशिवचं नाही. माझ्या मामाचं गाव.

ऑफिसात सांगितलं तर पहिला प्रश्न, “मे महिन्यात विदर्भात? बरी आहेस ना?” आणि दुसरा, “तिथे करणार काय?” पहिल्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्याला होतं. पुण्याजवळच्या रिसॉर्टवर माणशी पैसे मोजून आपण बैलगाडीत बसतो, चुलीवरचं जेवतो आणि फोटो टाकतो. माझ्याकडे तर ओरिजिनल मामा होता! फुकटात! मी धडाधड यादी केली: बैलबंडी, विहिरीत पोहणं, रोडगे पार्टी, चिंतामणी दर्शन, टिपेश्वरची सफारी.

यादीत एक गोष्ट मात्र लिहिली नव्हती. एखाद्या लग्नापुरतं, सकाळी येऊन संध्याकाळी निघणं सोडलं, तर मी मामाकडे राहायला गेले त्याला अकरा वर्षं झाली होती. आणि आजी आता ब्याऐंशीची आहे.

रस्ता

पुण्याहून कळंब साधारण साडेसहाशे किलोमीटर. लहानपणी हा प्रवास म्हणजे रात्रभराची बस, सकाळी यवतमाळ, मग एसटी आणि आईच्या मांडीवर ओकारी. आता छत्रपती संभाजीनगरपर्यंत नेहमीचा रस्ता आणि पुढे समृद्धी महामार्ग. धामणगावला खाली उतरायचं, बाभूळगावमार्गे कळंब. रस्ता मस्त आहे, पण इतका सरळ की डोळ्यांवर झापड येते. नवऱ्याचा आणि माझा करार होता, दर दीड तासाला ड्रायव्हर बदलायचा. मेहकरला वाट वाकडी करून लोणारचं सरोवरही पाहिलं. उल्का आदळून झालेला, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर व्यासाचा खड्डा. दुपारच्या उन्हात आम्ही तिथे अक्षरशः दहा मिनिटं टिकलो.

कळंबला पोचलो तेव्हा सूर्य मावळला होता आणि तरी गाडीचं दार उघडल्यावर ओव्हन उघडल्यासारखं वाटलं. ओट्यावर आजी बसलेली. “आली व माय माही! एवढ्या उन्हात कायले आली?” म्हणत तिनं माझ्या गालांवरून हात फिरवले आणि कानशिलावर बोटं मोडली. मग नवऱ्याकडे बघून डोक्यावरचा पदर सारखा केला. जावई ना!

बैल कुठेत?

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी तयार. टोपी, सनस्क्रीन, कॅमेरा. “मामा, बंडी जुंपायची ना?”

मामा चहा पीत होता. बशी खाली ठेवली. “बैल तं इकले न बाई. मांगच्या पोळ्यानंतर.”

कोणी काही बोललं नाही. मग त्यानंच हिशोब सांगितला. दोन बैलांना वर्षभर कडबा, ढेप घालायची. काम मात्र मोजक्या दिवसांचं. सालगडी गुढीपाडव्याला ठरतो, पण आता मिळतोच कुठे? पाच एकर कापूस-तूर, त्यात बोंडअळी. मग चुलतमामाबरोबर भागीत एक जुना ट्रॅक्टर घेतला. “आता पोळ्याले मातीचे बैल पुजतो,” मामा हसून म्हणाला. ते हसू मला फारसं बघवलं नाही.

गोठ्यात डोकावले तर दावणीला स्कूटी लावलेली!

मग सूत्रं मामेबहिणीनं हातात घेतली. ही बी.एस्सी. अ‍ॅग्री करते आणि ट्रॅक्टर असा चालवते की बस्स. “ताई, बंडी काय घेऊन बसली? हे शिक.” वावरातल्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, काळी जमीन भेगाळून पडलेली. पाऊस यायच्या आत ती उकरून, उन्हात तापवून तयार ठेवायची असते. मामेबहीण मडगार्डवर बसली, मी सीटवर. “क्लच हळू सोड. हळू! एकदम नको सोडू व!” मी एकदम सोडला. ट्रॅक्टरनं उडी मारली, धुऱ्यावर बसलेला मामा उठून उभा राहिला.

पुण्यात मी रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून कार काढते, पण सरळ रेषेत ट्रॅक्टर चालवणं ही काय चीज आहे ते त्या दिवशी कळलं. मागे वळून पाहिलं तर माझं तास सापासारखं वळवळत गेलेलं. मामा म्हणाला, “ठीक आहे. जमिनीले मालूम आहे पाव्हणी आहे म्हणून.”

साडेआठला घरी. कारण नवानंतर कळंबात बाहेर राहणं हा शूरपणा नव्हे, मूर्खपणा असतो. पारा पंचेचाळीसच्या आसपास. दुपारी दारं-खिडक्या बंद, कुलरचा घरघराट, वाळ्याचा वास आणि कैरीचं पन्हं. विहिरीत पोहण्याचा बेत एका वाक्यात निकालात निघाला. विहिरीत गुडघाभर पाणी होतं.

खाली उतरलं की गारवा

कळंबची ओळख म्हणजे चिंतामणी. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. आपण देवाला जाताना पायऱ्या चढतो, इथे उतरायच्या. गाभारा जमिनीच्या पातळीच्या कितीतरी खाली आहे. बाहेर भट्टी आणि प्रत्येक पायरीबरोबर अंगाला लागणारा गारवा. खाली कुंड आहे. इंद्रानं शापातून सुटण्यासाठी इथे गणपतीची उपासना केली आणि अंकुशाच्या घावानं हे कुंड निर्माण झालं, अशी कथा. गावाची श्रद्धा अशी, की साधारण बारा वर्षांनी कुंडातलं पाणी वर चढतं, चिंतामणीच्या पायांना लागतं आणि ओसरून जातं. तेव्हा लांबलांबहून माणसं येतात.

मी भारावून ऐकत होते. मामी शांतपणे म्हणाली, “तुमच्यावानीच आहे ते पाणी. बारा वर्षांनी येते, पायाले लागते अन् वापस जाते.”

विदर्भात मोठ्यांच्या पाया पडण्याला ‘पाया लागणं’ म्हणतात. मामी गंमतीत बोलली होती, सगळे हसले. मीही हसले. पण वर येताना पायऱ्या जरा जड गेल्या.

जावईबुवांचे सरगुंडे

त्या दुपारी यादी बाजूला पडली आणि घरात चाललेलं काम समोर आलं. मे महिना म्हणजे वाळवणं. पापड, कुरड्या, आणि वऱ्हाडची खासियत सरगुंडे. मळलेल्या पिठाची बारीक दोरी पातळ काडीवर गोल गोल गुंडाळायची आणि अलगद ओढून काढायची. झाली स्प्रिंग! हे वाळवून ठेवायचे आणि शिजवून आमरसाबरोबर खायचे. आपल्या पास्त्याचा चुलतभाऊच म्हणा.

माझी प्रत्येक दोरी तुटत होती. नवरा कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसला होता, नेटवर्क गेलं म्हणून उठून आला आणि मांडी घालून काडी हातात घेतली. आजी संकोचली, “जावयाले कायले काम सांगता व?” पण पठ्ठ्याचा पहिला सरगुंडा परफेक्ट! तासाभरात त्यानं ताट भरलं. आजी त्याच्याशी आतापर्यंत पदर सावरून तीन-चार शब्दच बोलत असे. त्या दुपारी तिनं त्याला स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगितली, जी मीही कधी ऐकली नव्हती.

आजीचं माहेर देवळी. वर्धा नदीच्या पलीकडे, जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. सतराव्या वर्षी ती बंडीतून कळंबला आली. सकाळी निघाले ते दिवस बुडताना पोचले. नदी ओलांडताना ती रडली म्हणून सासऱ्यांनी बंडी थांबवली होती. पुढे घर, वावर, पाच मुलं यांत देवळीला जाणं कमी होत गेलं. भाऊ गेल्यावर थांबलंच. “आबाजी म्हणत, रेल्वे आली का तुले देवळीले नेतो.” आबाजी म्हणजे माझे आजोबा. ते २०१९ मध्ये गेले.

वाघ आणि मामा

यादीतली टिपेश्वरची सफारी मात्र झाली. पहाटे तीनला निघून पांढरकवड्याच्या बाजूचं अभयारण्य गाठलं. सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं सागाचं जंगल. वाघ दिसला नाही, पण २०१९ मध्ये इथून निघालेल्या एका वाघाची आठवण निघाली. गळ्यात रेडिओ कॉलर असलेला हा तरुण वाघ शेतं, रस्ते, जिल्हे ओलांडत तेराशे किलोमीटरच्या वर चालला आणि बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नाव पडलं ‘वॉकर’. आमच्या रोड ट्रिपचा अभिमान तिथेच गळून पडला.

घरी येऊन कौतुकानं सांगितलं तर मामा म्हणाला, “पैसे देऊन वाघ पाहाले गेली होती?” शेजारच्याच राळेगाव तालुक्यात २०१८ मध्ये ‘अवनी’ वाघिणीची दहशत होती. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. त्या दिवसांत इकडच्या बाजूला अंधार पडायच्या आत माणसं वावरातून घरी येत. ओलिताला रात्री एकट्यानं जायचं तर घरातली बाई दारात बसून राही. आपल्यासाठी जे ‘साइटिंग’, ते मामासाठी रात्रीचं कामाला जाणं आहे.

यादीत नसलेली गोष्ट

वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग विदर्भ-मराठवाड्याचं जुनं स्वप्न. मंजुरीनंतर पंधराएक वर्षं गेली आणि २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा ते कळंब या पहिल्या टप्प्यावर गाडी धावली. आमच्या घरापासून स्टेशन रिक्षानं काही मिनिटांवर. आणि आजी त्या गाडीत एकदाही बसली नव्हती. का? “मले कोण नेते? अन् काम काय तिकडं?”

रात्री गच्चीवर गाद्या टाकून झोपलो होतो. नवरा हळूच म्हणाला, “शीटमध्ये एक रो वाढवू या?”

मग ठरलं. मी, आजी, मामी आणि मामेबहीण रेल्वेनं. मामा आणि नवरा कार घेऊन वर्ध्याला. आजीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. डबा, पाण्याची सुरई, रुमालात बांधलेला कांदा, सगळं तासाभराच्या प्रवासाला! खिडकीची जागा तिची.

गाडी सुटली आणि आजी गप्प झाली. नदी आली तेव्हा तिनं हात जोडले. पात्रात मे महिन्याचं थोडंसंच पाणी होतं. मग भिडी, आणि जरा वेळात पिवळ्या पाटीवर नाव, ‘देवळी’.

“एवढ्यात आली देवळी?” आजीनं विचारलं. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, “एवढी जवळ होती व?”

पासष्ट वर्षं. वीस-बावीस किलोमीटर. मी काय उत्तर देणार होते? मी तर समृद्धी झाल्यापासूनही आले नव्हते. अंतर रस्त्यानं कमी होतं असं आपण समजतो. पण कोणीतरी ‘चल’ म्हणावं लागतं.

वर्ध्याला उतरून सेवाग्रामला गेलो. गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले. बापू कुटीच्या मातीच्या भिंती आणि कौलांखाली बसल्यावर आजी म्हणाली, “आपलं जुनं घर असंच थंड होतं.” मामाच्या नव्या स्लॅबच्या घराची त्या क्षणी मला कीव आली.

शेवटच्या संध्याकाळी वावरात रोडगे झाले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, फोडून तुपात बुडवलेले, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. निघताना मामीनं डिकीत तुरीची डाळ, सरगुंडे आणि कैऱ्या कोंबल्या. मी पाया लागले. मामी म्हणाली, “आता बारा वर्षं नको लावू.”

पुण्याला आल्यावर शीट उघडलं. बैलबंडी: रद्द. विहीर: रद्द. वाघ: दिसला नाही. सक्सेस रेट जेमतेम! तरी आयुष्यातली बेस्ट ट्रिप. मामेबहिणीचा फोन आला होता. आजीनं रेल्वेचं तिकीट पोथीत ठेवलंय आणि शेजारपाजारच्या बायकांना काढून काढून दाखवते आहे. मी शीटला नवीन टॅब जोडला. ‘कळंब, पोळा’. मातीचे तर मातीचे बैल.

जाणार असाल तर…

- नागपूर-वर्धा-देवळी-कळंब-यवतमाळ हा राष्ट्रीय महामार्ग आहे. यवतमाळपासून कळंब साधारण पंचवीस किलोमीटर.
- समृद्धीवर चढण्याआधी टायर आणि हवा तपासा. उन्हाळ्यात काँक्रीट भयंकर तापतं.
- वर्धा-कळंब रेल्वेचे वार आणि वेळा निघण्याआधी बघून घ्या.
- मे महिन्यात फिरणं पहाटे आणि संध्याकाळी. दुपट्टा आणि पाणी मस्ट!
- उन्हाचा त्रास होणाऱ्यांनी हिवाळ्यात जावं. तेव्हा वावरात कापूस फुटलेला असतो.
- मामा असेल तर आधी फोन करा. नसेल तरी चिंतामणी आहेच.